जुन्या ट्रकमधील अँटी-लॉक ब्रेकच्या इशारादीपाचे अनियमित प्रज्वलन : दोषनिदानाची दिशा

अँटी-लॉक ब्रेक प्रणालीचा पिवळा इशारादीप सतत पेटलेला असेल, तर दोष शोधणे तुलनेने सुकर असते. तो मधूनच पेटून विझत असेल, तर मात्र वाहन कार्यशाळेत पोहोचेपर्यंत दोष लुप्त झालेला असतो. नियंत्रकाच्या स्मृतीतील संकेतांक एखाद्या चाकाकडे निर्देश करतो. तथापि तो संवेदक, वायर व जोडण्या मिळून होणाऱ्या संपूर्ण मंडलाविषयी असतो. संकेतांक वाचताच संवेदक बदलण्याची प्रथा म्हणूनच अनेकदा निष्फळ ठरते.

जुन्या ट्रकमधील संवेदक म्हणजे चुंबक व त्याभोवतीचे तारेचे वेटोळे. समोरून दातेरी कडे फिरले की त्यात प्रत्यावर्ती विद्युतदाब निर्माण होतो. वेग घटला किंवा कड्यापासूनचे अंतर वाढले की हा दाब क्षीण होतो. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे बैठकीवर गंज साचून संवेदक वर उचलला जातो. मग वाहन थांबत असताना, चाक फिरत असूनही, ते जखडल्याचा नियंत्रकाचा समज होतो. ब्रेकचा दाब सोडला जातो आणि थांबण्याचे अंतर वाढते. दीप विझलेला असतानाही हे घडू शकते, ही बाब अधिक चिंताजनक होय. जनरल मोटर्सने २००५ साली याच कारणास्तव सुमारे ८ लाख पिकअप व तत्सम वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावली.

परीक्षणयंत्रावर पुढील दोन्ही चाकांचे वेग पाहत वाहन सावकाश थांबवावे. ज्याचा आकडा आधी शून्यावर येतो, ते चाक संशयित. नंतर मंडलाचा रोध मोजत असतानाच वायर हलवून पाहावी; आकडा चंचल झाल्यास दोष वायरीत वा जोडणीत असतो. तो स्थिर राहिल्यास संवेदक काढून प्रथम बैठकीवरील गंज तपासावा.