मॅग्नेशियमची गोळी : कमतरता भरून काढायची म्हणजे नेमकं काय करायचं?

मंडळी, या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर आमच्याकडे ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या बहुतेकांत प्रश्न एकच होता : मॅग्नेशियमची कोणती गोळी चांगली? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर तिसरा लागतो. पहिला प्रश्न, कमतरता खरंच आहे का? दुसरा, ती आली कुठून? आणि गोळी तोंडात टाकण्याआधीचा एक, जिवाशी गाठ असलेला : किडन्या कशा आहेत? आज आपण साधारण याच क्रमाने जाणार आहोत. थोडं इकडेतिकडे होईल, ते चालवून घ्या.

आधी हिशेब बघू. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्मं किंवा थोडं जास्तच हाडांत, उरलेलं बहुतेक सगळं स्नायूंत आणि इतर पेशींत. आणि रक्तातल्या सीरममध्ये? एक टक्क्याहूनही कमी. आपण लॅबमध्ये तपासतो ते नेमकं हेच. म्हणजे घरात धान्य किती उरलंय हे बघायला कोठीत न जाता ओट्यावरचा डबा उघडून बघावा, तसं. डब्यात कमी पडलं की शरीर कोठीतून काढून त्यात भरत राहतं. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी साठा घटलेला असू शकतो. आणि रिपोर्टच कमी आला, तर कोठीतही फारसं काही उरलं नसण्याची शक्यता मोठी असते. बहुतेक लॅबमध्ये खालची मर्यादा १.७ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास असते. १.२ च्या खाली गेलं, की हातापायांना मुंग्या, स्नायू फडफडणं, पेटके, छातीत धडधड आणि क्वचित झटके, अशी लक्षणं दिसू लागतात.

आता याचा उलटा अर्थ काढू नका. रात्री पोटरीत गोळा आला म्हणजे मॅग्नेशियम कमी, असं समीकरण सध्या घरोघरी झालंय. वयस्क माणसांच्या रात्रीच्या गोळ्यांवर मॅग्नेशियम देऊन ज्या चाचण्या झाल्या, त्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन संस्थेने घेतला आहे. त्यात फायदा होण्याची शक्यता कमीच दिसली. झोप, थकवा, चिडचिड या सगळ्यांवर हीच गोळी सांगणाऱ्यांबद्दल आम्ही आज काही बोलत नाही. आपला विषय आहे तो खऱ्या कमतरतेचा.

मग ती येते कुठून? यासाठी किडनीचं काम समजून घ्यायला हवं. किडन्या दिवसभरात साधारण २४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम गाळतात, आणि त्यातलं शंभरेक मिलिग्रॅम सोडून बाकी सगळं शरीराला परत देतात. टंचाई आली तर आणखी हात आखडता घेतात, मग लघवीतून दिवसाला दहा-वीस मिलिग्रॅमच जातं. इतका काटकसरी कारभारी असताना, रोज बऱ्यापैकी जेवणाऱ्या माणसात नुसत्या आहारामुळे तीव्र कमतरता सहसा होत नाही. झालीच, तर दोन शक्यता : एक तर आतड्यातून आत येणं अडलंय, नाहीतर किडनीतून गळती लागलीय. चोवीस तासांची लघवी तपासली की यांतलं काय ते बऱ्याचदा कळतं. रक्तात मॅग्नेशियम कमी असूनही लघवीतून पंचवीसेक मिलिग्रॅमपेक्षा जास्त जात असेल, तर गळती किडनीत आहे.

गळती लावणाऱ्यांत पहिला नंबर लघवीच्या गोळ्यांचा. रक्तदाबासाठी दिली जाणारी हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा सूज उतरवणारी फ्युरोसेमाइड. मग ताब्यात नसलेला मधुमेह, कारण लघवीतून साखर जाते तेव्हा तिच्याबरोबर पाणी आणि मॅग्नेशियमही जातं. दारू. काही अँटिबायोटिक इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, अवयव प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस. आणि आतड्याच्या बाजूने बघायचं तर महिनोन् महिने चालणारे जुलाब.

एक कारण मात्र इतकं घरगुती झालंय की त्यावर जरा थांबायलाच हवं : सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल ही ती मंडळी. पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी आपल्याकडे दहा दहा वर्षं चालू राहते, कारण ती बंद करायला कुणी सांगत नाही आणि आणायला चिठ्ठी कुणी मागत नाही. या गोळ्यांनी मॅग्नेशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं, असे रुग्ण २००६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले गेले. मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, म्हणजे एफडीएने, त्याबद्दल जाहीर इशारा दिला. बहुतेक रुग्ण वर्षाहून जास्त काळ गोळी घेणारे होते. आणि त्या इशाऱ्यातलं आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य असं होतं, की तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाव रुग्णांत नुसतं मॅग्नेशियम देऊन पातळी वर आलीच नाही, ॲसिडिटीची गोळी थांबवावी लागली. नळ उघडा ठेवून टाकी भरण्यातला प्रकार. थांबवल्यावर मात्र आठवड्या-दोन आठवड्यांत पातळी सुधारते.

म्हणून उद्या सकाळी उठून ती गोळी फेकून देऊ नका! ज्यांच्या जठरातून रक्तस्राव झालाय किंवा जे हृदयासाठी रक्त पातळ करणारी औषधं घेतात, त्यांना तिची खरी गरज असते. डॉक्टरांना एवढंच विचारायचं : ही अजून लागते का? फॅमोटिडिनसारख्या दुसऱ्या जातीच्या गोळीवर भागेल का?

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं? समजा, एक पासष्टीच्या काकू आहेत. रक्तदाबासाठी लघवीची गोळी, सोबत सहा वर्षं पॅन्टोप्रॅझोल. अशक्तपणा आणि धडधड म्हणून तपासणी झाली, पोटॅशियम २.९ निघालं. डॉक्टरांनी पोटॅशियमचं सिरप दिलं, काकूंनी ती कडवट चव सहन करून नेमाने घेतलं. आठ दिवसांनी ३.०. डोस वाढवला, तरी तेच. कॅल्शियमही कमी आलं म्हणून त्याची गोळी सुरू झाली. तेही हलेना. चार औषधं झाली, आणि मॅग्नेशियम कुणी तपासलंच नाही, कारण नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटच्या तपासणीत ते धरलेलं नसतं, वेगळं लिहावं लागतं.

असं का होतं, याचं उत्तर मॉरिस शिल्स या अमेरिकन डॉक्टरांच्या १९६९ सालच्या प्रयोगात सापडतं. त्यांनी काही माणसांना देखरेखीखाली जवळजवळ मॅग्नेशियम नसलेला आहार दिला. पोटॅशियम आणि कॅल्शियम मात्र पुरेसं ठेवलं. तरीही रक्तातलं पोटॅशियम उतरलं, कॅल्शियम उतरलं. मॅग्नेशियम परत सुरू केलं, तेव्हा सगळं पूर्ववत झालं. कारण आता कळलंय. किडनीच्या पेशीतलं मॅग्नेशियम हे पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या दाराच्या खिट्टीसारखं काम करतं. खिट्टी नसली की वरून कितीही पोटॅशियम ओता, ते लघवीवाटे जात राहतं. कॅल्शियमचं तसंच : ते सांभाळणारं संप्रेरक गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींतून यायला मॅग्नेशियम लागतं. तेव्हा पोटॅशियम देऊनही हटत नसेल, तर मॅग्नेशियम तपासा, ही गोष्ट तुम्ही स्वतः डॉक्टरांना सुचवलीत तरी कुणी रागावणार नाही. हृदयाचे ठोके बिघडलेल्या आणि डिगॉक्सिन घेणाऱ्या माणसात तर हा उशीर जिवावर बेतू शकतो.

आता किडनीचा प्रश्न. निरोगी किडनी जादा मॅग्नेशियम सहज बाहेर टाकते. अधू किडनीला ते जमत नाही. मग मळमळ, सुस्ती, रक्तदाब उतरणं, ठोके मंदावणं आणि शेवटी श्वास थांबणं, असा प्रवास होतो. हे किती खरं आहे ते प्रसूतिगृहातल्या नर्सना विचारा. गरोदरपणातले झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात, आणि पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाय उडतो का ते बघतात, लघवी किती झाली ते मोजतात, श्वास मोजतात. पाय उडाला नाही, तर डोस थांबतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी असतं. घरी गोळी घेणाऱ्याजवळ ना हातोडी असते ना नर्स. म्हणून क्रिएटिनिन तपासल्याशिवाय मॅग्नेशियम सुरू करू नये. किडनीची क्षमता, म्हणजे रिपोर्टवरचा ईजीएफआर, ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय मुळीच नाही. बद्धकोष्ठतेसाठी घेतलं जाणारं मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि काही अँटासिड यांतही हेच आहे, ते या हिशेबात धरायचं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कोणती गोळी. डब्यावर '४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड' लिहिलेलं असतं, तेव्हा त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम २४० मिलिग्रॅम असतं, कारण ऑक्साइडमध्ये ते ६० टक्के आहे. सायट्रेटमध्ये साधारण १६ टक्के, ग्लायसिनेटमध्ये १४. मग ऑक्साइड सरस? तर नाही, ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि आतड्यात कमी शोषलं जातं. सायट्रेट, क्लोराइड, ग्लायसिनेट जास्त चांगलं शोषलं जातं. डब्याच्या मागे 'एलिमेंटल' असा आकडा शोधा, तोच खरा. ग्लायसिनेट महाग आहे म्हणून जास्त गुणकारी, असं काही मानायचं कारण नाही. पोटाला सोसेल ते घ्यावं.

पोटाचं म्हणाल, तर जुलाब हा या गोळीचा मुख्य त्रास. न शोषलेलं मॅग्नेशियम आतड्यात पाणी ओढून घेतं. अमेरिकेत निरोगी माणसासाठी गोळीतून दिवसाला ३५० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा ठरवली आहे, युरोपात २५०. दोन्ही आकडे जुलाबाचा विचार करूनच काढलेले आहेत. सिद्ध झालेल्या कमतरतेत डॉक्टर याहून जास्त देतात, पण तेही दिवसातून दोन-तीनदा विभागून, जेवणाबरोबर. एकदम जास्त दिलं तर एक तर जुलाब होतात आणि नव्याचं तेही जातं, नाहीतर रक्तातली पातळी झटकन चढते आणि किडनीला वाटतं की भरपूर झालं, ती सोडून देते. शिरेतून भराभर दिलेल्या डोसचा निम्म्यापर्यंत भाग असा लघवीत निघून जाऊ शकतो. झटके आले किंवा ठोके बिघडले तर शिरेतून द्यावंच लागतं, पण ते रुग्णालयात. एरवी थोडं थोडं आणि बरेच दिवस. रक्तातला आकडा काही दिवसांत सुधारतो, कोठी भरायला आठवडे, कधी महिने लागतात. आकडा सुधारला म्हणून चौथ्या दिवशी गोळी सोडणारे पुन्हा तिथेच येतात.

थायरॉइडची गोळी घेत असाल, तर ती आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचं अंतर ठेवा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल, तर ते मॅग्नेशियमच्या दोन तास आधी घ्या, नाहीतर दोन्ही एकमेकांना पकडून बसतात आणि अँटिबायोटिक वाया जातं.

जेवणाचं थोडक्यात. १०० ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा नाचणीत साधारण सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात वीस-पंचवीस. तीळ, शेंगदाणे, राजमा, पालेभाज्या हेही चांगले स्रोत. रोजची गरज यातून भागते, पण १.२ वर आलेली पातळी भाकरीने चढवायला बसू नये.

गोळी सुरू केल्यावर आठवडाभरात मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन एकदम तपासावं, नंतर महिन्याने पुन्हा. मूळ कारण दूर झालं असेल, तर गोळी कधी थांबवायची ते या दुसऱ्या रिपोर्टनंतर डॉक्टर ठरवतात. लघवीची गोळी बंद करता येत नसेल, तर ॲमिलोराइडसारखी मॅग्नेशियम राखून ठेवणारी गोळी जोडायची का, हेही तेव्हाच विचारा. ती जोडली तर पोटॅशियमचं सिरप चालू ठेवू नका, डॉक्टरांना विचारूनच पुढचा डोस ठरवा, कारण आता पोटॅशियम भलतंच वर जाऊ शकतं.