भुंडा वळू निवडताना

1901 मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या वॉरन गॅमन यांनी हेरफर्ड गुरांच्या पैदासकारांना पत्रे धाडली : तुमच्या कळपात जन्मजात भुंडे जनावर आहे का? हेरफर्ड जात शिंगाळ. तिच्यात भुंडे वासरू क्वचितच निपजायचे. शोधाशोधीअंती 11 जनावरे हाती लागली आणि त्यांच्यापासून भुंड्या हेरफर्डची पैदास सुरू झाली.

एवढ्याशा भांडवलावर हे जमले, कारण भुंडेपणाचा जनुक प्रभावी आहे. आई किंवा बाप, कुणा एकाकडून तो आला तरी वासराला शिंगे फुटत नाहीत. घोळ होतो तो वळू निवडताना. जनुकाच्या दोन्ही प्रती भुंडेपणाच्या असलेला वळू शिंगाळ गाईंना लावला, तर सगळी वासरे भुंडी होतात. एकच प्रत असेल तर सरासरी निम्मीच. दोन्ही वळू दिसायला सारखेच भुंडे. उलगडा होतो तो शेपटीच्या केसांच्या मुळांवरून केलेल्या डीएनए चाचणीत. युरोपीय गुरांत भुंडेपणा आणणारा डीएनएतला बदल मुख्यतः दोन प्रकारे आढळतो. पहिल्या गुणसूत्रावर एका ठिकाणी 10 अक्षरे गळून 212 अक्षरांचा तुकडा दुबार आलेला असतो, किंवा त्याच भागात सुमारे 80 हजार अक्षरांची पट्टी दोनदा आलेली असते.

हा खटाटोप वासराच्या वेदना टाळण्यासाठी करायचा. पहिले दोनेक महिने शिंगकळी कातडीतच असते, कवटीला चिकटलेली नसते. शिंग फुटू नये म्हणून तेव्हाच ती तापल्या लोखंडाने डागतात, आणि पुष्कळदा भूल न देता. हे मला क्रूर वाटते. मोठेपणी शिंग कापले तर आतली पोकळी उघडी पडते, आणि ती थेट कपाळातल्या पोकळीला जोडलेली असते.

मग सरसकट भुंडेच वळू का वापरू नयेत? होलस्टीन या दुधाळ जातीत भुंडे वळू अजून कमी आहेत. त्याच मोजक्यांच्या रेतमात्रा सगळीकडे गेल्या, तर नात्यातली पैदास वाढते आणि दूध, कास, पाय यांची पारख मागे पडते. आपल्या खिल्लारची गोष्ट निराळी : लांब, मागे वळलेली शिंगे ही त्या जातीची ओळखच आहे, तिथे भुंडेपणा घुसवण्याचे काही कारण नाही.

संकरित होलस्टीन पाळणाऱ्यांनी मात्र रेतमात्रा घेताना वळूच्या मुलींचे दूध आणि कास आधी विचारावी. त्यात तो उतरला, तर भुंडेपणाची प्रत एक की दोन, हे चाचणीच्या दाखल्यावरून पाहून घ्यावे.