तारीख नसलेला आवाज

(आवाज : पाऊस, मागे बेडकांचं डराव डराव)

आत्ता ऐकलंत ते आमच्या सोसायटीमागच्या ओढ्याकाठचं रेकॉर्डिंग. आता तिथे पार्किंग आहे. इथे बेडूक होते याचा माझ्याकडे एवढाच पुरावा, आणि तोही लंगडा. कारण मूळ फाइल मी फॅमिली ग्रुपवर टाकली, नंतर फोन बदलला. उरली ती फॉरवर्ड झालेली कॉपी. साल कुठलं? बहुतेक कॉलेजचं तिसरं वर्ष. या 'बहुतेक'मुळेच सगळं बिघडतं.

आता दुसरं टोक बघा. 1889 साली जर्मनीतल्या लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने घरातल्या पाळीव शामा पक्ष्याचा आवाज मेणाच्या सिलिंडरवर रेकॉर्ड केला. पक्ष्याच्या आवाजाचं हे सर्वात जुनं ज्ञात रेकॉर्डिंग मानतात. हाच शामा आपल्या सह्याद्रीतही गातो. आवाज खरखरीत आहे, पण कोणी, कधी, कुठला पक्षी, हे माहीत आहे. म्हणून तो आजही कामाचा आहे.

हवाई बेटांवरचा 'कौआई ओओ' हा पक्षी 1987 नंतर कोणालाच ऐकू आला नाही. 2023 मध्ये अमेरिकेने तो नामशेष झाल्याचं अधिकृतपणे मान्य केलं. आज त्याचं गाणं ऐकायचं तर फक्त रेकॉर्डिंगमध्येच.

मग आपण काय करायचं? चार गोष्टी.

एक : शक्य असेल तर डब्ल्यूएव्ही फॉरमॅट निवडा. एमपीथ्री फाइल लहान करताना माणसाच्या कानाला फारसे जाणवत नाहीत असे तपशील गाळतो. ते परत मिळत नाहीत.

दोन : 'नॉइज रिडक्शन' बंद करा. हे फीचर माणसाचं बोलणं वाचवायला बनवलंय. त्याच्या लेखी रातकिडे आणि बेडूक म्हणजेच नॉइज!

तीन : रेकॉर्डिंग संपताना स्वतःच बोला. "12 जुलै, रात्री साडेनऊ, अमुक गाव, ओढ्याकाठी, पाऊस थांबलाय." माहिती फाइलच्या पोटातच राहते. प्राणी ओळखता आला नाही तरी चालेल, तारीख आणि जागा हवीच.

चार : मूळ फाइल एडिट न करता जपा, आणि एक कॉपी सार्वजनिक संग्रहात टाका. पक्ष्यांसाठी ईबर्ड, तिथून आवाज कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले लायब्ररीत जातो. 2005 साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेलं झेनो-कँटोही आहे. बेडूक, किडे, काहीही असेल तर आयनॅचरलिस्ट.

आणि ऐकताना स्पेक्ट्रोग्राम उघडा. हे आवाजाचं चित्र असतं. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर स्वराची उंची. बुलबुल कुठला आणि रिक्षाचा हॉर्न कुठला, हे डोळ्यांना दिसायला लागतं.

फक्त एक पथ्य पाळा. विणीच्या काळात आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलवू नका. आपला प्रतिस्पर्धी आलाय असं वाटून तो घरटं सोडून धावतो.

तर आज रात्री खिडकीत फोन ठेवा, दोन मिनिटं रेकॉर्ड करा, शेवटी तारीख बोला. समोरचा रिकामा प्लॉट पुढच्या पावसाळ्यापर्यंत रिकामा राहीलच असं नाही.

भेटू पुढच्या भागात!