बेट, बुडी आणि दीप्ती : सागरविषयक मराठी शब्दांचा विचार

मराठी ही सागरतीरावरील भाषा आहे, हे विधान भूगोलाच्या दृष्टीने निर्विवाद आहे. तथापि आपल्या प्रमाण लेखनभाषेची घडण मुख्यतः घाटमाथ्यावर झाली. नांगर, मोट, पेठ आणि कचेरी यांच्या शब्दांनी तिचे भांडार भरले. होडी, भरती आणि खडक यांचे शब्द किनाऱ्यावरील बोलींत राहिले व त्यांतील थोडेच पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचले. त्यामुळे सागरविज्ञानातील एखादी साधी गोष्ट मराठीत सांगू लागताच लेखकापुढे तीन मार्ग उभे राहतात : संस्कृतावरून नवा शब्द घडविणे, परभाषेतील शब्द तसाच स्वीकारणे, किंवा बोलीत आधीच असलेला शब्द शोधणे. यांपैकी कोणता मार्ग केव्हा योग्य, हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. शब्द वाचून विद्यार्थ्याच्या मनात वस्तू उभी राहते की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

हा प्रश्न मोजक्या शब्दांच्या आधारे तपासावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी मालवणच्या परिसरातील एका दिवसाची सहल डोळ्यांसमोर ठेवू : सकाळी बेटे, दुपारी पाण्याखालील खडक, आणि रात्री अनुकूल काळ असल्यास लाटांत दिसणारा निळा प्रकाश. वाचक म्हणून शिरूर तालुक्यातील न्हावरे येथून विद्यापीठात आलेला एखादा विद्यार्थी कल्पावा. शिरूर–चौफुला रस्त्यावरचे हे गाव घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे दूरवर परिचित झाले. घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या टापूतील हा मुलूख समुद्रापासून सह्याद्रीने तोडलेला आहे. अशा विद्यार्थ्याला आपले सागरविषयक शब्द कितपत उपयोगी पडतात?

प्रथम ‘बेट’ हा शब्द घेऊ. न्हावऱ्याच्या विद्यार्थ्याला तो मुळीच परका नाही. उसाच्या एका मुळापासून फुटलेल्या फुटव्यांच्या समूहाला शेतकरी ‘उसाचे बेट’ म्हणतो. बांबूचेही बेटच असते. शिवाय त्याच्याच तालुक्यात ‘बेट भाग’ आहे. कुकडी आणि घोड या नद्यांमधील जांबूत, पिंपरखेड, काठापूर, कवठे येमाई, टाकळी हाजी या गावांचा पट्टा या नावाने ओळखला जातो. न्हावरे स्वतः या भागात मोडत नाही. परंतु हे नाव तेथील प्रत्येकाच्या कानावरचे आहे. गोदावरीकाठी कोपरगावालाही ‘बेट’ आहे. म्हणजे देशावरच्या मराठीत बेट म्हणजे समुद्राने वेढलेली भूमीच असे नव्हे. आजूबाजूच्या पसाऱ्यातून वेगळा पडलेला, स्वतःत गोळा झालेला पुंज, हा या सर्व उपयोगांतील समान अर्थ होय.

भूगोलाच्या व्याख्येप्रमाणे चहूबाजूंनी पाणी असेल तेच बेट. तेव्हा शिरूरचा ‘बेट भाग’ हा ढिला प्रयोग आहे, असा आक्षेप कोणी घेईल. येथे ‘द्वीप’ या प्रतिष्ठित शब्दाची घडण पाहणे उद्बोधक ठरते. ‘द्वि’ आणि ‘अप्’ म्हणजे पाणी यांचा हा समास. द्वि, अन्तर् आणि उपसर्ग यांपुढे येणाऱ्या ‘अप्’च्या आद्य स्वराचा ‘ई’ होतो, असा पाणिनीचा नियम असून अन्तरीप व समीप हे शब्दही त्याच नियमाने सिद्ध होतात. सारांश, व्युत्पत्तीने द्वीप म्हणजे ‘दोहों बाजूंस पाणी असलेली जागा’. फारसीतील ‘दुआब’ याची घडणही नेमकी हीच. त्यातील ‘आब’ आणि आपला ‘अप्’ हे एकाच मूळ कुळातील शब्द आहेत. म्हणून दोन नद्यांमधील शिरूरचा बेट भाग ‘द्वीप’ शब्दाच्या मूळ अर्थाला चिकटून आहे, आणि चहूबाजूंचे पाणी हा त्या शब्दाचा नंतर स्थिर झालेला अर्थ आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या ‘द्वीप’चे प्राकृतातून आलेले रूप ‘दीव’. सौराष्ट्राच्या टोकाचे दीव, कारवारजवळचे अंजदीव आणि दूरचे मालदीव या नावांत ते शिल्लक आहे. गोव्यात खाडीतील बेटाला ‘जुवें’ म्हणतात, आणि राजापूर तालुक्यातील खाडीने वेढलेल्या एका गावाचे नावच जुवे आहे. बेट, दीव, जुवे हे तीन शब्द एकाच वस्तूचे पर्याय म्हणून कोशात ओळीने मांडले, तर प्रत्येकाची भूमी हरवते. जुवे हे खाडीतील बेट आहे. खुल्या समुद्रातील खडकाळ बेटाला तो शब्द सहज लागू पडत नाही.

आता मालवणच्या किनाऱ्यावर येऊ. येथील कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या खडकावर गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. ‘बाव’ हे संस्कृत ‘वापी’चे तद्भव रूप, देशावर त्या अर्थी ‘विहीर’ रूढ आहे. विद्यार्थ्याला ‘बाव’ ठाऊक नसली, तरी दूध, दही आणि साखर या पूर्वपदांवरून पाण्याची गोडी व तिचे मोल त्याला चटकन उमगते. उत्तम नामकरणाचे हे लक्षण होय. वस्तूचा जो गुण माणसाला महत्त्वाचा वाटला, तो नावात उतरला आहे.

याच्या उलट उदाहरण देवबागजवळ मिळते. कर्ली नदीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या उंचवट्याला पर्यटक आणि नावाडी ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला, अशी समजूत या नावामागे आहे. भूगोलाच्या परिभाषेत असा उंचवटा म्हणजे ‘वाळूचा दांडा’. दांडा प्रवाहाबरोबर सरकतो आणि भरतीत झाकला जातो. कुरटे बेटाचा खडक हलत नाही. ‘आयलंड’ या एका शब्दाने हा भेद पुसला जातो, आणि तेथे पाय ठेवणाऱ्याला आपण किती अस्थिर जागेवर उभे आहोत, याची सूचना मिळत नाही. ‘दांडा’ हा शब्द ती सूचना देतो.

भरती-ओहोटीच्या शब्दांतही असाच प्रत्यय येतो. अमावास्या व पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते व पाणी अधिक चढते-उतरते, ते ‘उधाण’. अष्टमीच्या सुमारास या ओढी काटकोनात असल्याने हा चढउतार कमी होतो, तो ‘भांग’. शालेय भूगोलाने हे दोन्ही शब्द स्वीकारले आहेत. परंतु देशावर ‘भांग’ म्हणताच केसांतील रेषा किंवा मादक वनस्पती आठवते. येथे बोलीतील शब्द पाठ्यपुस्तकात आला. त्याच्याबरोबर किनाऱ्याचा अनुभव मात्र आला नाही. शब्द उचलल्याने काम अर्धेच होते. तो समजावूनही द्यावा लागतो.

दुपारचा भाग पाण्याखालचा. सिंधुदुर्गाच्या आसपासचा २९.१२ चौरस किलोमीटरचा टापू १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. किल्ल्याजवळच्या उथळ खडकांवर तोंडात नळी धरून, पाण्यावर पालथे तरंगत प्रवाळ आणि मासे पाहण्याची सोय नावाडी करून देतात. या नळीला जगभर ‘स्नॉर्केल’ म्हणतात. मूळ शब्द जर्मन असून तो घोरण्याच्या क्रियापदाशी संबंधित आहे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीला हवा पुरविणाऱ्या नळीचे ते खलाशी बोलीतील नाव होते. त्याला मराठी प्रतिशब्द म्हणून ‘श्वासनळी’ सुचविण्याचा मोह होतो. परंतु तो शब्द शरीरातील अवयवाला पूर्वीच दिला गेला आहे. एकाच विज्ञानात एका शब्दाचे असे दोन अर्थ झाले, तर घोटाळा अटळ. म्हणून येथे ‘स्नॉर्केल’ ठेवणेच शहाणपणाचे. मालवणच्या नावाड्यांनी तो निर्णय चर्चेवाचून घेतलाच आहे.

याचा अर्थ मराठीला पाण्याखालचे शब्द नाहीत असा नव्हे. ‘पाणबुड्या’ म्हणजे बुडी मारणारा माणूस आणि ‘पाणबुडी’ म्हणजे पाण्याखालून चालणारी नौका, हा भेद मराठीने केवळ लिंग बदलून साधला. पाणकोंबडी, पाणकावळा, पाणघोडा ही ‘पाण’ची प्रजा मोठी आहे. मालवणचे प्रवाळ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पोवळे’ हा शब्द अंगठीतील खड्यामुळे माहीत असतो. ‘पोवळे’ हे ‘प्रवाल’चेच घरगुती रूप. मात्र दागिन्यातील पोवळे आणि मालवणच्या खडकांवरील प्रवाळ यांच्या जाती वेगळ्या आहेत. शिवाय खडकासारखा दिसणारा हा प्रवाळ सूक्ष्म प्राण्यांची जिवंत वसाहत आहे आणि पाय ठेवल्याने ती मरते. तत्सम आणि तद्भव या जोडीचा शास्त्रीय उपयोग येथे करता येईल : खड्याला पोवळे, सजीवाला प्रवाळ.

आता रात्रीचा भाग, आणि सर्वांत कठीण शब्द. नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईच्या जुहू आणि सिंधुदुर्गातील देवगड येथे लाटा निळ्या प्रकाशाने उजळल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. आपल्या किनाऱ्यावर या प्रकाशाचा परिचित कारक म्हणजे ‘नॉक्टिलुका सिंटिलान्स’ हा एकपेशीय जीव. लॅटिन नावाचा अर्थ ‘ठिणग्या टाकणारा रात्रीचा दिवा’. त्याची पेशी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, क्वचित दोन मिलिमीटरपर्यंत असते. लाट फुटली, वल्हे लागले किंवा हात फिरला की पेशीच्या आवरणावरील ताणामुळे विद्युत्संकेत उठतो. आतील सूक्ष्म कणिकांत आम्लता वाढते, आणि ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचे ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण होऊन निळा प्रकाश पडतो. हा लखलखाट सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतका टिकतो. अमावास्येच्या अंधारात तो विशेष खुलून दिसतो.

या घटनेला पूर्वी इंग्रजीत फॉस्फरसवरून आलेले नाव होते. ग्रीकमध्ये ‘फॉस्फोरस’ म्हणजे प्रकाशवाहक, आणि लॅटिन ‘ल्युसिफर’चा अर्थही तोच. दोन्ही शब्द पहाटेच्या शुक्राची नावे होती. प्रत्यक्षात सागरी प्रकाशाचा फॉस्फरसच्या झळाळीशी संबंध नाही. मराठीत फॉस्फरसला ‘स्फुरद’ म्हणतात आणि त्याच अंगाने ‘स्फुरदीप्ती’ हा शब्द झाला. तो शोषलेला प्रकाश मागाहून सावकाश सोडणाऱ्या पदार्थांसाठी राखून ठेवला आहे. येथे एक विलक्षण विसंगती आढळते. ‘स्फुर्’ या धातूचा अर्थ थरथरणे, क्षणभर चमकणे. धातूच्या अर्थाने पाहता तो समुद्रातील क्षणिक लखलखाटाला तंतोतंत लागतो. परंतु परिभाषेने तो रेंगाळणाऱ्या प्रकाशाला देऊन टाकला. म्हणून सजीवांच्या प्रकाशाला ‘जीवदीप्ती’ हाच शब्द वापरावा. व्युत्पत्ती कितीही मोहक असली, तरी रूढ झालेली परिभाषा मोडण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

‘प्लवक’ या शब्दाचा विचारही याच ओघात करावयास हवा. १८८७ मध्ये व्हिक्टर हेन्सेन यांनी ‘प्लँक्टन’ हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भटकणारे’, म्हणजे प्रवाह नेईल तिकडे जाणारे. मराठी ‘प्लवक’ हा ‘प्लु’ म्हणजे तरंगणे या धातूपासून आला. दोन्ही शब्दांत ध्वनिसाम्य आहे. अर्थ मात्र शेजारचा आहे, तोच नव्हे. तरंगणे हा प्लवकाचा एक गुण. स्वतःच्या बळावर प्रवाहाविरुद्ध जाऊ न शकणे हा व्याख्येतील गुण. अध्यापकाने हे सांगितले नाही, तर तरंगणारे लाकूड आणि प्लवक यांत विद्यार्थ्याला फरक करता येणार नाही. परभाषेतील शब्दही निर्दोष असतात असे मात्र नाही. काजव्यातील ल्युसिफेरिन आणि नॉक्टिलुकाच्या वर्गातील ल्युसिफेरिन यांची रासायनिक रचना अगदी भिन्न आहे. पहिल्याचे हरितद्रव्याशी नाते नाही, दुसऱ्याचे आहे. नाव एक, वस्तू दोन. म्हणूनच ‘समुद्रातील काजवे’ हे वर्णन ललित लेखनात शोभले, तरी शास्त्रात टिकत नाही.

शब्दांच्या या काटेकोरपणामागे केवळ पांडित्याची हौस नाही. हेल्गा गोम्स, जोकिम गोस आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात उत्तर अरबी समुद्रातील हिवाळी बहरांत हिरव्या नॉक्टिलुकाचे प्रमाण वाढल्याचे आणि त्याचा संबंध ऑक्सिजन कमी झालेल्या पाण्याच्या विस्ताराशी असल्याचे मांडले. या नॉक्टिलुकाच्या पोटात हिरवे सहजीवी शैवाल राहते. पूर्वी तेथे करंडक शैवालांचे, म्हणजे डायटमांचे, प्राबल्य असे. नॉक्टिलुकाला खाणारे मुख्यतः जेलीमाशांसारखे जीव असल्याने माशांकडे जाणारी अन्नसाखळी विस्कळीत होण्याचा धोका संभवतो. देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर दिसलेला प्रत्येक निळा प्रकाश हा त्या संकटाचा पुरावा मानणे चुकीचे ठरेल. प्रकाश हा जीवाचा स्वाभाविक धर्म आहे. परंतु ‘दीप्ती’ हा शब्द मराठी मनाला मंगल वाटतो, आणि बातमीतील ‘निळ्या लाटांचा नजराणा’ हा प्रयोग प्रश्न विचारण्याची इच्छाच मारतो. बहर किती काळ टिकला, पाण्याचा रंग दिवसा कसा होता, मासळीवर काय परिणाम झाला, या गोष्टी रापण ओढणारा मच्छीमार पाहत असतो. त्याच्या बोलीत त्यांचे शब्दही असणार. ते नोंदविणे हे आपल्या विभागाचे काम आहे.

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. जेथे बोलीत अचूक शब्द आहे, तेथे तो घ्यावा व समजावून द्यावा : दांडा, भांग, जुवे. जेथे वस्तूच बाहेरून आली आणि सुचणारा देशी शब्द आधीच गुंतलेला आहे, तेथे परशब्द निःसंकोच ठेवावा : स्नॉर्केल. आणि जेथे शास्त्राला सूक्ष्म भेद हवा आहे, तेथे संस्कृतावरून शब्द घडवावा, परंतु त्याची व्याख्या व्युत्पत्तीवर सोपवू नये : जीवदीप्ती, प्लवक. न्हावऱ्याच्या विद्यार्थ्याजवळ ‘बेट’ हा शब्द समुद्र पाहण्यापूर्वीच असतो, आणि तो द्वीपाच्या मूळ अर्थाला अधिक जवळचा असतो. अध्यापनाची सुरुवात त्याच्या उसाच्या बेटापासून करता येते, आणि त्यासाठी कोणताही नवा शब्द घडवावा लागत नाही.