वजन कशाचं?

जानेवारी 2004 मध्ये ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटंसं टिपण छापून आलं. सोबत दोन डॉक्टरांचे फोटो होते. एक पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी एकच होता, 22.3. म्हणजे उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखं, आणि कोणत्याही तक्त्यात बसवलं तरी ‘उत्तम’. पण क्ष-किरणांनी शरीराची अंतर्गत मोजणी करणाऱ्या डेक्सा यंत्राने वेगळंच चित्र दाखवलं. युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी होती, याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. तर रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार मिटण्याआधी धावत ते गाठणं हाच याज्ञिकांचा मुख्य व्यायाम, अशी मिश्कील नोंद त्या टिपणातच आहे.

हा फरक किलोत मांडला की नीट कळतो. समजा दोघांचं वजन 70 किलो धरलं, तर एकाच्या अंगावर सुमारे साडेसहा किलो चरबी, दुसऱ्याच्या अंगावर जवळपास पंधरा. हा साडेआठ किलोंचा फरक काट्याला दिसत नाही, कारण काटा गाठोडं न सोडताच तोलतो. आहार आणि व्यायाम यांबद्दलचे आपले बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात. म्हणून आधी गाठोड्यात काय काय असतं ते पाहू.

काट्यावर काय काय चढतं

ढोबळमानाने शरीराचे दोन भाग करता येतात. एक चरबी, आणि दुसरा बाकी सगळं: स्नायू, हाडं, यकृत-मेंदू-हृदयासारखे अवयव, रक्त आणि पाणी. यात निम्म्याहून अधिक वजन पाण्याचंच असतं. चरबी काही टाकाऊ नाही. ती ऊर्जेचा साठा आहे, ऊब देते, संप्रेरकं तयार करते. स्त्रियांच्या शरीरात ती निसर्गतःच जास्त असते. त्रास होतो तो तिचं प्रमाण वाढलं आणि जागा चुकली की.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गणित बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या संख्याशास्त्रज्ञाने 1830 च्या दशकात मांडलं, तेही लोकसमूहांचा अभ्यास करण्यासाठी. हजारो माणसांची तुलना करायला ते आजही सोयीचं आहे. एका माणसाबद्दल मात्र ते अर्धीच गोष्ट सांगतं. दंड-बैठका काढणाऱ्या पैलवानाला ते लठ्ठ ठरवू शकतं आणि हातपाय काडीसारखे पण पोट सुटलेल्या कारकुनाला तंदुरुस्त.

भारतीयांच्या बाबतीत हा दुसरा प्रकार फार आढळतो. त्याची मुळं शोधायला याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं साधारण 3.5 किलो. गावातली बाळं सगळ्याच बाबतींत लहान होती. पण स्नायू आणि पोटातले अवयव जितके कमी होते, तितकी कातडीखालची चरबी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त अशी ठेवण जन्मापासूनच होती. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: ज्या माता पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळं तुलनेने मोठी होती.

म्हणूनच आपल्याकडे मोजपट्टी थोडी कडक ठेवली जाते. जगभर बीएमआय 25 पासून वजन जास्त मानतात. भारतीयांसाठी 23 लाच सावध व्हायचं आणि 25 पासून लठ्ठपणा धरायचा.

चरबी कुठे बसते

कातडीखाली, विशेषतः मांड्या आणि कुल्ल्यांवर साठणारी चरबी तुलनेने शांत असते. ही कोठारं मर्यादेपलीकडे भरली, किंवा मुळातच लहान असली, की जादा चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंच्या तंतूंत शिरते. पोटातल्या चरबीतून निघणारी स्निग्धाम्लं यकृतापर्यंत सहज पोहोचतात. मग यकृत आणि स्नायू इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून काही वर्षं वेळ निभावून नेतं. ते थकलं की रक्तातली साखर वाढते.

ही चरबी तपासायला महागडं यंत्र लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरायची, नेहमीसारखा श्वास सोडायचा, पोट आत न ओढता घेर मोजायचा. भारतीय पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. आकडे लक्षात राहत नसतील तर आणखी सोपा नियम आहे: कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा.

जिममधली चरबी सांगणारी यंत्रं शरीरातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतात. पाणी भरपूर असलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीत अडतो. त्यावरून यंत्र अंदाज बांधतं. तुम्ही नुकतंच पाणी प्यायलात, घाम गाळलात, तरी तो अंदाज हलतो. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर आनंद किंवा दुःख करू नये.

पहिल्या आठवड्यात उतरलेले दोन किलो

‘भात-पोळी बंद केली आणि आठवड्यात दोन किलो उतरले’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते बहुतेक वेळा खरं असतं, फक्त ते दोन किलो चरबीचे नसतात. आपण खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांतली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं: यकृतात सुमारे 100 ग्रॅम, स्नायूंत सुमारे 400 ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे 3 ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. हा साठा रिकामा झाला की जवळजवळ दोन किलो कमी होतात, आणि एका लग्नाच्या पंगतीनंतर परतही येतात.

चरबीचा हिशेब संथ आहे. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 किलोकॅलरी. रोज 400 किलोकॅलरी कमी पडल्या तर एक किलो उतरायला 19 दिवस लागतील. वजन उतरेल तसा शरीराचा खर्चही घटतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच.

शरीराचा दिवसाचा खर्च तीन खात्यांत होतो. सर्वांत मोठं खातं नुसतं जिवंत राहण्याचं: श्वास, हृदय, मेंदू, शरीराचं तापमान. बैठं काम करणाऱ्याचा साठ ते सत्तर टक्के खर्च इथेच होतो. सुमारे दहा टक्के खाल्लेलं पचवण्यात जातात. उरलेलं हालचालीत. अर्धा तास भरभर चालून सव्वाशे-दीडशे किलोकॅलरी खर्च होतात, तर एका वडापावात अडीचशे-तीनशेच्या घरात असतात. वजन उतरवण्याचं काम मुख्यतः ताटातच होतं. व्यायामाचं काम वेगळं आहे आणि जास्त मोलाचं आहे: उतरणारं वजन कशाचं असेल, हे तो ठरवतो.

नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात; घटलेल्या वजनाचा पाव भाग तरी त्यांचा असू शकतो. पुढे वजन परत वाढतं तेव्हा चरबी आधी भरते. दोन-तीनदा असं झालं की काट्यावर माणूस जिथल्या तिथे, पण आतून आधीपेक्षा अधिक चरबीचा आणि कमी ताकदीचा.

आपल्या ताटात किती प्रथिनं

कर्बोदकं आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅममधून 4 किलोकॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थांतून 9. फोडणीत एक मोठा चमचा तेल जादा पडलं की सव्वाशेच्या आसपास किलोकॅलरी वाढल्या, आणि पोट भरल्याची जाणीव मात्र तेवढीच. प्रथिनांचं उलट आहे: ती भूक जास्त वेळ भागवतात आणि त्यांच्यातली वीस ते तीस टक्के ऊर्जा पचनातच खर्च होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. जेवणात धान्यच फार असेल तर किलोमागे 1 ग्रॅम धरणं बरं. 60 किलोच्या माणसाला म्हणजे 50 ते 60 ग्रॅम.

आता एक नेहमीचा शाकाहारी दिवस मोजू. सकाळी शेंगदाणे घातलेले बशीभर पोहे: 6 ते 7 ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, भाजी, थोडा भात आणि पातळ आमटी: 18 ग्रॅम. दोन वेळचा चहा-बिस्किटं: 3 ते 4. रात्री मुगाची खिचडी आणि पापड: 10 ते 12. बेरीज चाळिशीच्या आसपास येते. कोणी उपाशी नाही, पोटभर जेवण झालंय, तरी दहा-वीस ग्रॅम कमीच.

उपवासाच्या दिवशी तूट आणखी वाढते. साबुदाणा जवळपास शुद्ध पिष्ट आहे. खिचडीतलं प्रथिन असतं ते शेंगदाण्याच्या कुटाचं.

ही तूट भरायला डब्यातली पावडर आणलीच पाहिजे असं नाही. आमटीऐवजी घट्ट वरण घेतलं की डाळ दुप्पट होते. मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ, वाटीभर दही, पिठलं, मूठभर फुटाणे, यांतून पाच-सात ग्रॅमची भर सहज पडते. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात; मासे-चिकन खाणाऱ्यांचं काम आणखी सोपं.

धान्य आणि डाळ एकत्र खाण्यालाही कारण आहे. शरीर स्वतः बनवू शकत नाही अशी नऊ अमिनो आम्लं अन्नातूनच यावी लागतात. ज्वारी-गहू-तांदळात लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात. वरण-भात किंवा पिठलं-भाकरी एकमेकांची उणीव भरून काढतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारावं.

स्नायू नेमकं काय करतात

जेवल्यावर रक्तात येणारी साखर इन्शुलिनच्या हाकेसरशी उचलणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. शिवाय स्नायू काम करू लागला की त्याच्या पेशींतली साखर आत घेणारी दारं इन्शुलिनची वाट न पाहता उघडतात. जेवणानंतरच्या शतपावलीने साखरेची चढण कमी होते ती यामुळे. शंभर पावलांवर न थांबता दहा-पंधरा मिनिटं चाललं तर उत्तमच.

पण चालण्याने स्नायू फारसा वाढत नाही. त्याला सवयीपेक्षा जास्त ओझं पेलावं लागतं. ओझं पेललं की पुढचा दिवस-दीड दिवस शरीर तिथे नवं प्रथिन बांधत राहतं. त्या वेळी ताटात प्रथिन असेल तर ते अंगी लागतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण दंडाचा घेर तेवढाच असतो. तेव्हा मज्जातंतू आहे त्या स्नायूंना अधिक नीट कामाला लावायला शिकत असतात. खरी भर नंतर पडते, म्हणून पहिल्या महिन्यात निराश होऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्ला दोन भागांचा आहे. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणं, सायकल, पोहणं. आणि आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम. आपल्यापैकी पुष्कळजण पहिल्यावरच समाधान मानतात. दुसऱ्यासाठी खुर्चीवरून उठाबशा, भिंतीला हात टेकून आणि मग जमिनीवर जोर, पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी उचलणं, इतकं पुरतं. दहा सहज होऊ लागले की बारा करा, मग ओझं वाढवा. सूर्यनमस्कारांत हात-खांद्यांना काम मिळतं. त्यांच्या जोडीला बैठका घातल्या की मांड्याही मागे राहत नाहीत. गुडघेदुखी, हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

साठीनंतर हा भाग ऐच्छिक राहत नाही. तिशी-चाळिशीपासून स्नायू हळूहळू घटतातच, आणि म्हातारपणी पडून हाड मोडण्यामागे बहुधा पायांतली गेलेली ताकद असते. ती पाहायची सोपी चाचणी आहे: हात छातीवर दुमडून खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उठायचं-बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई तज्ज्ञगटाच्या निकषानुसार ती धोक्याची खूण आहे.

तेव्हा पुढचे तीन महिने वजन रोज न पाहता आठवड्यातून एकदा, सकाळी पोट रिकामं असताना पाहा. महिन्यातून एकदा कमरेचा घेर आणि पाच उठाबशांची वेळ वहीत लिहा. वजन जागचं हललं नाही पण घेर तीन सेंटिमीटरनी उतरला आणि वेळ दोन सेकंदांनी घटली, तर बहुधा चरबी जाऊन तिच्या जागी स्नायू आलाय. आहार बदलू नका. वजन उतरलं पण खुर्चीतून उठणं जड झालं, तर खाणं आणखी कमी न करता डाळ-दूध-अंडी वाढवा आणि बैठका सुरू करा.