सड्यावरच्या फुलाकडे कोण येतं? परागीभवनाचा अभ्यास, पायरी पायरीने

सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाणारे बहुतेक जण फुलं बघून येतात. त्या फुलांवर कोण बसतं, किती वेळ बसतं आणि जाताना काय घेऊन जातं, इकडे फार थोड्यांचं लक्ष असतं. पण तेरड्यासारख्या अनेक वनस्पती तिथे एका पावसाळ्यापुरत्या जगतात. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. बी धरलं नाही तर पुढचा बहर मागच्या शिलकीवर येतो. म्हणून कीटकांचा हिशेब महत्त्वाचा.

हा हिशेब पदवीचा विद्यार्थीही मांडू शकतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार चौथ्या वर्षी संशोधन घेता येतं. तीन वर्षांच्या पदवीतही छोटे प्रकल्प असतात. महागडी उपकरणं लागत नाहीत. घड्याळ, पेन्सिल, भिंग, दोरा आणि बारीक विणीच्या कापडी पिशव्या एवढ्यावर काम भागतं. लागते ती शिस्त, आणि ती कुठे सुटते हेच या लेखात टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी जागा ओळखून घेऊ

सडा म्हणजे जांभ्या कातळाचं सपाट पठार. कातळावर मातीचा थर जेमतेम, काही ठिकाणी नुसताच दगड. उन्हाळ्यात तो तापतो आणि उघडा पडतो. पावसाळ्यात खळग्यांत पाणी साचतं आणि तिथेच गेंद, सीतेची आसवं, वायतुरा अशी फुलं येतात. यातल्या काही वनस्पती पश्चिम घाटाबाहेर कुठेच सापडत नाहीत. अशांना प्रदेशनिष्ठ म्हणतात.

सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बऱ्याचदा पोटखराबा अशी असते, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. धोक्याचं मूळ इथेच आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या काही सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या, कोकणात चिरेखाणी आणि आंबा-काजूच्या बागा आल्या. कास पश्चिम घाटाचा भाग म्हणून 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलं; तिथला मुख्य ताण माणसांच्या पावलांचा आहे.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा

‘कासवरील परागीभवनाचा अभ्यास’ हा प्रश्न नाही, ते नुसतं शीर्षक झालं. साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद असलेल्या पठारावर एका विद्यार्थ्याने सगळं बघायचं म्हटलं तर शेवटी हाती फोटोंचा ढीग उरतो.

त्याऐवजी एक वनस्पती घ्या, फार तर दोन. मग विचारा: तेरड्याच्या फुलावर कोणते कीटक येतात, आणि त्यांना अडवलं तर बी धरतं का? किंवा: पायवाटेलगतच्या तेरड्यावर आणि दूरच्या तेरड्यावर कीटकांच्या भेटी सारख्याच असतात का? अशा प्रश्नाचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा एखादा आकडा असू शकतं. हीच चांगल्या प्रश्नाची खूण.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांना आपण तेरडाच उदाहरण म्हणून धरू.

दुसरी पायरी: परवानगी आणि गावची ओळख

वनखात्याच्या जमिनीवर काम करायचं तर त्या खात्याची लेखी परवानगी हवी. अर्ज महाविद्यालयाच्या पत्रासह करा आणि उन्हाळ्यातच करा. परवानगी सप्टेंबरअखेर हाती आली तर अर्धा हंगाम गेलेला असतो. खासगी सड्यावर मालकाची संमती घ्या आणि ग्रामपंचायतीलाही कळवा. जैविक विविधता कायदा 2002 प्रमाणे स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावात ती कोण पाहतं, हे विचारून घ्या.

नमुने गोळा करायचे असतील तर अर्जात तसं स्पष्ट लिहा. ‘निरीक्षण’ एवढंच लिहून पुढे कीटक पकडणं बेकायदा ठरू शकतं. गुराख्यांशी बोला. कोणत्या खळग्यात पाणी किती दिवस टिकतं, आग्या मधमाश्यांची पोळी कोणत्या कड्याला लागतात, हे त्यांना पाठ असतं.

तिसरी पायरी: वेळापत्रक फुलाप्रमाणे

सड्यावरचा बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. बी पिकतं त्यानंतर, आणि नेमक्या त्याच सुमारास सत्र परीक्षा येतात. फुलं मोजून झाली पण बोंडं मोजायला वेळच मिळाला नाही, अशा अर्धवट प्रकल्पांचं कारण बहुधा हेच असतं. जूनमध्येच कॅलेंडरवर दोन्ही गोष्टी लिहा आणि बोंडं मोजायचे दिवस आधी राखून ठेवा.

टोपली कारवीसारखी वनस्पती एका वर्षाच्या प्रकल्पासाठी घेऊ नका. ती सामूहिकपणे फुलते ती सात-आठ वर्षांनी एकदा. फुलण्याचं वर्ष नेमकं आपल्या वाट्याला आलं तर मात्र सोडू नका.

चौथी पायरी: वनस्पतीची खात्री

तेरड्याच्या जाती अनेक आहेत आणि काही एकमेकींसारख्या दिसतात. नाव चुकलं की पुढचं सगळं काम चुकीच्या नावावर जमा होतं. फुलाचा समोरून, बाजूने आणि मागून, पानांच्या मांडणीचा आणि बोंडाचा असे वेगवेगळे फोटो घ्या. नुसता समोरचा फोटो ओळख पटवायला पुरत नाही.

परवानगी असेल तर एखादी फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवा. अशा संग्रहाला वनस्पतिसंग्रह किंवा हर्बेरियम म्हणतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि आघारकर संशोधन संस्था, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ इथे मोठे संग्रह आहेत. त्यांच्याशी नमुना ताडून बघता येतो.

पाचवी पायरी: चौकटी कुठे टाकायच्या

पाहण्यासाठी जमिनीवर ठरावीक मापाची चौकट टाकतात. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर हे माप सोयीचं, कारण त्यातली सगळी फुलं एका नजरेत येतात. पीव्हीसी पाइपची किंवा दोरीची चौकट चालते.

इथली नेहमीची चूक म्हणजे जिथे भरगच्च फुलं दिसतात तिथेच चौकट टाकणं. मग उत्तर सड्याचं न येता सड्याच्या सर्वांत देखण्या कोपऱ्याचं येतं. नकाशावर रेघा आखून चौकोनांना क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या टाकून जागा निवडा. चिठ्ठीने आलेली जागा विरळ असली तरी बदलू नका.

चालताना शक्यतो उघड्या कातळावरून चाला. पाच जणांचा गट रोज एकाच ओल्या पट्ट्यातून गेला तर धोका मोजायला आलेलेच धोक्यात भर घालतात.

सहावी पायरी: दहा मिनिटं नुसतं बघा

चौकटीपासून दीड-दोन हातांवर बसा, सावली फुलांवर पडू देऊ नका आणि दोन मिनिटं काही लिहू नका. आपल्या हालचालीने उडालेले कीटक तेवढ्यात परततात. मग घड्याळ लावून दहा मिनिटं प्रत्येक भेट लिहा: कोण आलं, किती फुलांवर बसलं, फुलाच्या कोणत्या भागाला शिवलं.

‘भेट’ म्हणजे काय ते आधी ठरवा. नुसतं घिरट्या घालणं भेट नव्हे. पाकळीवर ऊन खात बसणंही नव्हे. परागकोश, म्हणजे पराग असलेला भाग, किंवा कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारं टोक, यांपैकी कशाला तरी अंग लागलं तर ती भेट धरा. बाकीच्या नोंदी वेगळ्या रकान्यात.

तेरडा इथे फार शिकवतो. त्याचे परागकोश एकत्र येऊन कुक्षीवर टोपीसारखे बसलेले असतात. फूल आधी नर अवस्थेत असतं; मग ती टोपी गळून पडते आणि खालची कुक्षी उघडी होते. भिंगातून हा फरक स्पष्ट दिसतो: नर अवस्थेत फुलाच्या छताला पांढरट बोंडशी असते, मादी अवस्थेत तिथे हिरवट टोक. आत शिरणाऱ्या मधमाशीच्या पाठीला पराग लागतो, कारण टोपी वरच्या बाजूला असते. म्हणून मधमाशी पायावर पराग घेऊन निघाली की नाही यापेक्षा तिची पाठ पांढरी झाली आहे का, हे पाहायचं.

लांब सोंडेचं फुलपाखरू बाहेरून मध पिऊन काहीच न शिवता जाऊ शकतं. भुंगा कधी फुलाच्या मागच्या मधनळीला भोक पाडून मध चोरतो. दुकानात शिरलेला प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो, तसा फुलावर आलेला प्रत्येक कीटक परागवाहक नसतो. सगळ्या प्रकल्पात हा भेद सर्वांत महत्त्वाचा.

दिवसभरात वेगवेगळ्या वेळी बघा. फक्त सकाळी दहाला गेलात तर दहाच्या कीटकांचाच अभ्यास होतो. पांढऱ्या, संध्याकाळी सुवास सोडणाऱ्या फुलांचं काम पतंगांकडे असू शकतं. तिथे दिवसाची पाहणी पुरणार नाही.

सातवी पायरी: कीटकाला नाव किती द्यायचं

पहिल्याच आठवड्यात जात ओळखायचा हट्ट धरू नका. गट ठरवा: आग्या मधमाशी, सातेरी, फुलोरी, निळ्या पट्ट्यांची मधमाशी, भुंगा, फुलमाशी, इतर माश्या, फुलपाखरं, मुंग्या, ढालकिडे.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मधमाशी आणि फुलमाशी यांत. फुलमाशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी मधमाशीचं सोंग घेते. खुणा तीन: माशीला पंखांची एकच जोडी, मधमाशीला दोन, माशीच्या मिशा आखूड, मधमाशीच्या लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या, माशीचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात. तरीही कळलं नाही तर ‘अनोळखी’ लिहा. अंदाजाने लिहिलेलं नाव कोऱ्या रकान्याहून वाईट.

रंगीत वाट्यांत साबणाचं पाणी ठेवून कीटक मारण्याची पद्धत आहे. धोक्यातल्या अधिवासात, तेही पदवीच्या प्रकल्पासाठी, ती टाळावी.

आठवी पायरी: पिशवीचा प्रयोग

कीटक येतात हे दिसलं. त्यांच्यामुळेच बी धरतं का? त्यासाठी कळ्यांचे चार गट करा. पहिला मोकळा. दुसरा पिशवीत बंद, काहीही न करता. तिसरा पिशवीत, पण त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलाचा पराग ब्रशने लावलेला. चौथा पिशवीत, पण दुसऱ्या झाडाचा पराग लावलेला.

दुसऱ्या गटात बी धरलं नाही आणि पहिल्यात धरलं, तर कीटकांची गरज दिसून येते. चौथ्यात पहिल्यापेक्षा बरंच जास्त बी आलं, तर एरवी झाडांना पराग कमी पडतो असा संशय घ्यायला जागा असते. याला परागटंचाई म्हणू.

चुका इथे पुष्कळ होतात. मच्छरदाणीच्या कापडातून बारीक माश्या आत जातात, म्हणून ऑर्गंझाच्या छोट्या पोटल्या घ्या. पिशवी फूल उमलल्यावर नव्हे, कळी असतानाच बांधा. भिजलेली पिशवी फुलाला चिकटते आणि देठ वाकवते; आत तारेचं कडं घाला. पराग लावताना तेरड्याची कुक्षी उघडी झालेली हवी. टोपी असताना लावलेला पराग वाया जातो.

आणि तेरड्याचं बोंड पिकलं की हात लागताच फुटतं, बिया दूर उडतात. म्हणून मोकळ्या गटातल्या बोंडांनाही पिकण्याआधी पोटली बांधा. नाहीतर मोकळ्या फुलांत बी कमी धरलं असा साफ उलटा निष्कर्ष निघेल.

नववी पायरी: शून्यही लिहा

दहा मिनिटांत कोणीच आलं नाही तर ‘0’ लिहा. वही मिटू नका. शून्यं गाळली की सरासरी फुगते. प्रत्येक पाहणीला तारीख, वेळ, ऊन की ढग, वारा, पाऊस थांबून किती वेळ झाला आणि चौकटीत उघडी फुलं किती होती हे नोंदवा. पेन्सिलच वापरा, शाईचं पान पहिल्या सरीत जातं. त्याच संध्याकाळी पानांचे फोटो काढून संगणकात भरा.

दहावी पायरी: हिशेब आणि निष्कर्ष

दोन चौकटींतल्या भेटी थेट ताडू नका, कारण फुलं कमी-जास्त असतात. समजा 30 फुलांवर दहा मिनिटांत 12 भेटी झाल्या. 12 भागिले 30, गुणिले 6, म्हणजे दर फुलामागे ताशी 2.4 भेटी. आता हा आकडा दुसऱ्या चौकटीशी ताडता येईल.

एकाच झाडावरची वीस फुलं म्हणजे वीस स्वतंत्र पुरावे नव्हेत. ते झाड ओलीत असेल तर विसाच्या वीस फुलांना त्याचा फायदा. फुलं थोडी चालतील, पण झाडं आणि जागा जास्त घ्या. संख्याशास्त्राच्या शिक्षकांना निकाल आल्यावर नव्हे, चौकटी ठरवतानाच भेटा.

निष्कर्ष लिहिताना हात आखडता घ्या. ‘कीटक घटत आहेत’ असं एका हंगामावरून म्हणता येत नाही. घट दाखवायला वर्षांची रांग लागते. ‘या हंगामात, या सड्यावर, पिशवीतल्या फुलांना मोकळ्या फुलांपेक्षा कमी बी धरलं’ एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं. संरक्षणासाठी तेही उपयोगाचं असतं. निळ्या पट्ट्यांची मधमाशी जमिनीत बिळं करते, आग्या कड्यांवर आणि उंच झाडांवर पोळं बांधते. फुलांभोवती कुंपण घातलं आणि शेजारची माती-झाडं गेली, तर परागवाहकांचं घर कुंपणाबाहेरच राहतं. हे आकड्यांनिशी सांगायचं काम आपला अहवाल करू शकतो.

अहवालाची मराठी प्रत गावच्या समितीला आणि वनखात्याला द्या. कंदीलपुष्पासारख्या दुर्मिळ वनस्पतीची नेमकी जागा त्यात छापू नका. फोटोसोबत जाणारे अक्षांश-रेखांशही काढून टाका. मूळ वह्या, चौकटींचा नकाशा आणि ‘भेट’ कशाला म्हटलं त्याची व्याख्या विभागात ठेवा. पुढच्या तुकडीने त्याच चौकटींत, त्याच पद्धतीने पाहणी केली, तर आपला एका हंगामाचा प्रकल्प त्या वर्षांच्या रांगेतला पहिला आकडा होईल.