लस विनामूल्य, वाडीपर्यंतचा खर्च कोणाचा?

कोल्हापूर जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात बालकास लस टोचली जाते तेव्हा मातेस एक पैसाही द्यावा लागत नाही. ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, त्यासाठी कोणाची तिजोरी उघडते हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पंचायत समितीच्या सभेतही लसीकरणाचा विषय निघतो तो बहुधा उद्दिष्ट आणि टक्केवारी यांपुरता.

देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला व १९८५ पासून त्यास सार्वत्रिक कार्यक्रमाचे स्वरूप आले. त्यातील लस केंद्र सरकार खरेदी करून राज्यांना विनामूल्य पुरविते. पुढचे काम राज्याचे आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च महाराष्ट्रात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के या प्रमाणात उचलतात.

पुण्याच्या राज्य भांडारातून निघालेली लस कोल्हापुरात येते व तेथून बाराही तालुक्यांतील आरोग्य केंद्रांत जाते. तिचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राखावे लागते. यासाठी असलेले खास शीतकपाट चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी थंडावा धरून ठेवते. परंतु गगनबावडा किंवा राधानगरीकडे मुसळधार पावसात वीज त्याहून अधिक काळ गेली, तर जनित्र लागते आणि जनित्रास डिझेल लागते. पुढे आरोग्यसेविका बर्फाच्या चार वेष्टनांनी थंड केलेली लसपेटी घेऊन उपकेंद्राकडे आणि धनगरवाड्याकडे निघते. यातील डिझेल, वाहनभाडे आणि आशा सेविकेचा मोबदला यांपैकी काहीही लसीच्या किमतीत धरलेले नसते.

एका खर्चाविषयी मात्र गैरसमज आढळतो. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी भुकटीच्या रूपात येतात व द्रावण मिसळल्यावर चार तासांत वापराव्या लागतात. कुपीत मात्रा अनेक असतात. वाडीत एकच बालक असले तर उरलेल्या मात्रा टाकून द्याव्या लागतात. हिशेबी मनास ही नासाडी वाटते. तथापि एका बालकासाठीही कुपी उघडावी, असाच नियम आहे. “मुले जमू द्या, पुढल्या महिन्यात या” असे ऐकून परत गेलेली माता दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा येईलच, याची खात्री कोण देणार? टाकलेल्या मात्रा हा या कार्यक्रमाचा गृहीत धरलेला खर्च आहे. त्याबद्दल आरोग्यसेविकेस जाब विचारणे अनुचित होय.

लस राज्याने स्वतः विकत घेण्याची वेळ आली ती २०२१ मध्ये. कोविडच्या साथीत १८ ते ४४ वयोगटास मोफत लस देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २८ एप्रिल रोजी घेतला. सुमारे ५ कोटी ७१ लाख नागरिक, १२ कोटी मात्रा आणि ६,५०० कोटी रुपये असा अंदाज होता. १ मे रोजी प्रारंभ झाला. पण लस पुरेशी मिळेना आणि मेच्या मध्यास या गटाचे लसीकरण थांबवावे लागले. पैशाची तयारी होती, कुपी नव्हती. २१ जूनपासून खरेदीची जबाबदारी केंद्राने घेतली व राज्यावरील तो भार टळला. केंद्रे चालविणे, नोंदी ठेवणे, वृद्धांना गावातच लस देणे ही कामे मात्र जिल्ह्याकडेच राहिली.

ग्रामपंचायत सदस्यांच्या हाती मोठी रक्कम नसते. २००५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानात गावाच्या आरोग्य समितीसाठी वर्षास १० हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी ठेवण्यात आला. रक्कम लहान खरी, पण वाहनाची एक फेरी त्यात बसू शकते. कोल्हापुरात या फेरीची निकड गळीत हंगामात विशेष भासते. मराठवाड्यातून ऊसतोड मजूर सहकुटुंब येतात, फडाशेजारी पाले ठोकतात. त्यांच्या बालकांची नावे गावाच्या यादीत नसतात. पुढली मात्रा केव्हा देय आहे याची नोंद मातेजवळील कार्डावर असते, आणि ते कार्डही कधी मूळ गावी राहिलेले असते. कोयता पहाटे फडात जातो. म्हणून सत्र सायंकाळी, पालांवरच भरवावे लागते. त्या सायंकाळच्या वाहनाची तरतूद हंगामापूर्वीच्या सभेत झालेली असावी.